दोन टक्के कोणी सोसायचे?

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील पाहुणे, दुकानाचे मालक विठ्ठलराव, आज निवृत्त होणारे आपले जयतीर्थअण्णा, त्यांच्या पत्नी वेणूबाई आणि सुभाष रोडवरच्या व्यापारी बंधुभगिनींनो, नमस्कार.

मी अण्णांची ना सहकारी, ना नातेवाईक. भांडखोर गिऱ्हाईक म्हणूनच मला बोलावलं असावं!

चार वर्षांपूर्वी मी यांच्या भांड्यांच्या दुकानात अडीच हजारांचा कुकर घ्यायला गेले. गल्ल्यामागे पाटी होती : ‘कार्डावर दोन टक्के जादा.’ मी म्हटलं, “हा दंड कशाचा?” गल्ल्यावर बसलेले अण्णा म्हणाले, “एन माडोदु बाई? काय करायचं? बँक आमच्याकडून कापून घेते की.” मी कुकर तिथेच ठेवून निघाले.

महिन्याभराने गेले तर पाटी बदललेली : ‘रोखीवर दोन टक्के सूट.’ मी खूश! नोटा मोजल्या, कुकर घेतला. घरी खोक्यावरची किंमत पाहिली, तर दोन हजार पाचशे पन्नास! म्हणजे सूट धरूनही मी जवळजवळ तेच अडीच हजार देऊन आले होते. जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेली मी. ‘जादा’ म्हटल्यावर चिडले आणि ‘सूट’ म्हटल्यावर हसले. असं का होत असेल हो? मला अजून नीटसं कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, “अण्णा, ही फसवणूक नव्हे?”

ते म्हणाले, “पाटी मीच सुचवली. भांडणं थांबली खरी, पण मलाही ते बरं वाटत नाही.”

त्याच दुपारी ते मालकांना म्हणाले, “भाव पूर्वीचाच ठेवू, रोख असो की कार्ड. दोन टक्के दुकान सोसेल.” विठ्ठलराव, रागावू नका, पण तुम्ही विचारलंत, “आणि तोटा झाला तर?” अण्णा म्हणाले, “सहा महिने बघा. झाला तर मला घरी पाठवा.” वय छप्पन्न, आणि घरात मिळवते हे एकटेच!

पहिले दोन महिने नफा घसरला. वेणूबाई सांगतात, अण्णांचं जेवणात लक्ष नसे. तिसऱ्या महिन्यापासून मात्र लग्नाच्या याद्या घेऊन लोक येऊ लागले. इथे भावात भानगड नाही, म्हणून. सहा महिने संपले तेव्हा विठ्ठलराव एवढंच म्हणाले, “असंच चालू दे.”

नंतर मी अण्णांना विचारलं, “एवढा धोका कशासाठी पत्करलात?”

ते म्हणाले, “बाई, चिडलेलं गिऱ्हाईक गुपचूप दुसऱ्या दुकानात जातं. तुम्ही परत येऊन तोंडावर विचारलंत. मग खरं उत्तर द्यायला नको?”

मला बोलू दिलंत, त्याबद्दल आपली आभारी आहे. मास्तरकीच्या सवयीने जास्त बोलले असेन, कोणाला टोचलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. अण्णा, सुखी राहा.