खंडेरावाची वायर

काशीबाई: चहा तरी पिऊन जा. पोस्ट दहाला उघडतं. आत्तापासून बोईसरला जाऊन दार राखणार हायेस काय?

खंडेराव: नको मावशी, पहिली एसटी गाठतो. आज तिसरा दिवस. रेडिओवर मद्रासचं स्टेशन पार बसलंय. ऐका की, नुसती खरखर.

काशीबाई: मला मेलीला काय कळतंय त्यातलं. सगळं घिवली गाव हसतं मला. भाडेकरू ठेवला, तो पण असला. रोज पहाटे उठून खरखर ऐकतो, गाणं म्हणून लावत नाय.

खंडेराव: हसू द्या. आमच्या कंपनीतला कृष्णकांत वायरमन सांगतो, जमीन हलायच्या आधी वरची हवा बिघडती, मग लांबच्या स्टेशनाचा आवाज पडतो. त्यालाबी पक्कं ठाव न्हाई. म्हणून तर भूकंपात आमचं गाव पडलं तवापासून दोन वर्सं वहीत लिहितोय.

काशीबाई: आणि तारेत काय लिवणार?

खंडेराव: घराबाहेर निजा. एवढंच. बहिणीला, सोजराबाईला. आई तिच्यापाशीच असती.

काशीबाई: गेल्या साली पण केलीस ना तार?

खंडेराव: केली. आख्खी गल्ली तीन राती थंडीत निजली. म्हातारीला ताप भरला. झालं काहीच न्हाई. सोजरानं पत्र धाडलं, दादा, अजून एकदा ऐकू. पुन्हा खोटं निघालं तर तुझी तार कुणी वाचायचं न्हाई.

काशीबाई: म्हणजे ही शेवटचीच.

खंडेराव: व्हय.

काशीबाई: खंडेराव, तुझी ती रेडिओची वायर गेलीय कुटं?

खंडेराव: खिडकीतनं तुमच्या मासळी वाळवायच्या वलांडीच्या बांबूवर. तुमीच म्हणालात, बांध.

काशीबाई: बांध म्हणाले रे. पण परवा माझी दोरी तुटली. होडी भरून आलेली, बोंबील सडले असते. तुझी वायर दिसली, चांगली ताठ. लावले तिच्यावर. जोडीजोडीनं, तोंडात तोंड अडकवून.

खंडेराव: वायरीवर? ओले?

काशीबाई: ओले नाय तर काय? वाळलेले कोण वाळत घालतं?

खंडेराव: कवा लावले म्हणालात?

काशीबाई: परवा. आज तिसरा दिवस.

(काशीबाई परसात जाते. खंडेराव पायातल्या चपला काढून पुन्हा रेडिओपाशी बसतो.)

काशीबाई: अर्धे काढले. आलं काय?

खंडेराव: जरा जरा. कुणीतरी बोलतंय.

काशीबाई: आता?

खंडेराव: आता वीणा वाजतीय. साफ.

काशीबाई: मग नाय जायचं बोईसरला. वहीत लिव, बोंबील होते म्हणून.

खंडेराव: लिहितो.

काशीबाई: एक इचारू? तुमच्याकडं हललं, त्या पहाटे काय ऐकलेलंस तू?

खंडेराव: काय न्हाई. रेडिओ उशालाच हुता. सेल वाचवाया बंद ठेवला हुता.

काशीबाई: चहा निवला तुझा. दुसरा ठेवते.

खंडेराव: मावशी, बोंबील टाका की परत. दिवसभर मी कामावरच हाय. वायर मोकळीच.

काशीबाई: नको. वाळूवर पसरते. एक दिवस उशिरा वाळतील.