लक्ष ठेवा

सून : बाबा, ही घरघर कसली?

सासरे : आलीस गावाहून? आधी पाणी पी, मग दाखवतो. खूश होशील.

सून : आवाज कोठीच्या खोलीतून येतोय. माझ्या गाळाच्या नळ्या आहेत तिथे.

सासरे : म्हणून तर! चल. पदर नाकाला लावू नकोस, आता गरज नाही त्याची.

(कोठीचं दार उघडतं. घरघर मोठी होते.)

सून : हे काय केलंत?

सासरे : पंप बसवला. माशांच्या टाकीचा, जुना. पाच तोंडं निघाली, पाच नळ्यांना दिली. गाळ काळाठिक्कर पडला होता बिचारा, आता बघ कसा तांबूस झालाय! वासाचं नाव नाही.

सून : बंद करा.

सासरे : अगं, पण...

सून : बंद करा ना!

सासरे : केला. एवढं ओरडायला काय झालं? जाताना तूच म्हणालीस, बाबा, नळ्यांवर लक्ष ठेवा. या घरात आल्यापासून पहिल्यांदा तू मला काही काम सांगितलंस. मी लक्ष ठेवलं.

सून : लक्ष ठेवा म्हणजे बघा! कोणी हात लावत नाही ना, एवढंच बघा.

सासरे : माशांवर लक्ष ठेवतो म्हणजे काय मी नुसता टक लावून बसतो? झाकणं तू गच्च लावलेली. आत जिवाणू आहेत म्हणालीस. म्हटलं, गुदमरतील.

सून : खालच्या जिवाणूंना हवा नकोच असते, बाबा. नदीतून गाळ उभाच्या उभा काढून आणला होता, थर न मोडता. पंपाची नळी कुठपर्यंत घातलीत?

सासरे : तळापर्यंत. करायचं तर नीट करावं.

सून : झालं. सगळं ढवळलं गेलं.

सासरे : पुन्हा भरू की. नदी कुठे पळून चाललीय?

सून : उद्या सुनावणी आहे. नदीच्या वळणावरचा गाळ उपसून तिथे कारंजी बसवायचीत महापालिकेला. मी सांगणार होते, तो गाळ काम करतोय, हात लावू नका. पुरावा या नळ्यांत होता.

सासरे : गाळ कसलं काम करतो?

सून : तुमच्या टाकीत माशांची घाण होते, तिचं काय होतं?

सासरे : हे मला विचारतेस? तिचा अमोनिया होतो. गाळणीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते साचत जातं. म्हणून दर रविवारी मी पाणी बदलतो, तुझ्या सासूबाईंची बोलणी खात.

सून : मग नदीचं पाणी कोण बदलणार?

सासरे : हं.

सून : शहराच्या सांडपाण्यात तोच अमोनिया असतो. गाळाच्या वरच्या थराला थोडी हवा मिळते, तिथे त्याचं नायट्रेट होतं. ते खाली झिरपतं. खाली हवा नाही, म्हणून तिथले जिवाणू नायट्रेटवरच श्वास घेतात. त्याचा साधा नत्रवायू होतो आणि उडून जातो. सुटली नदी.

सासरे : आणि मी त्यांना आयती हवा दिली.

सून : आयती हवा मिळाल्यावर नायट्रेटकडे कोण बघतंय?

सासरे : थांब. टाकीतलं नायट्रेट तपासायच्या कागदी पट्ट्या आणतो. ही सहावी नळी राहिलीय, हिच्यासाठी पंपाला तोंड उरलं नव्हतं.

सून : झाकण उघडू नका. सुईने पाणी काढते मी. हं, हे घ्या.

सासरे : हिची पट्टी फिकट. आता माझ्या नळीतली... लालभडक! टाकीत असं दिसलं तर मी रविवारची वाट बघत नाही.

सून : दिसतंय, पण एका नळीवर कोण विश्वास ठेवणार? पुन्हा सगळं करायला महिना जाईल. तोवर गाळ उपसायचं यंत्र नदीत उतरेल.

सासरे : मग महिना माग.

सून : कारण काय सांगू?

सासरे : खरं ते सांग. सासरा भलं करायला गेला आणि वाट लावून बसला.

सून : हसतील, बाबा.

सासरे : हसू देत. मला घेऊन चल. दोन नळ्या धरून उभा राहतो. म्हणतो, ही मी साफ केलेली. बघा, रंग छान, वास नाही. आता हिच्यात पट्टी बुडवा.

सून : तुम्ही खरंच याल?

सासरे : चूक माझी, मग एकटी तू का जाशील?

सून : महिना मिळाला, तर नव्या नळ्या इथेच ठेवाव्या लागतील. प्रयोगशाळेतली गार खोली अजून बंदच आहे.

सासरे : कोठीची किल्ली तुझ्याकडे ठेव. मी तिकडे फिरकत नाही.

सून : किल्ली तुमच्याकडेच राहू दे. लक्ष ठेवा.

सासरे : म्हणजे नुसतं बघायचं?

सून : नुसतं बघायचं.

सासरे : अवघड काम देतेस बाई.