लॅमिनेशन केलेली सोडचिठ्ठी

माईक जरा खाली घ्या भाऊ, मी काय एवढी उंच न्हाई. हां, बास.

मंडळी, नमस्कार. जुन्नरची, नारायणगावची, पार घोडेगाव-मंचरपासनं माणसं आलीत. बाया तर लईच आल्यात. माझ्याआधी मोठे मोठे वकीलसाहेब बोलून गेले. मला भाषण येत न्हाई. घरनं ठरवून आले व्हते, रडायचं न्हाई. पण समोर वकीलबाईंचा फोटो बघितला, त्याला हार बघितला, अन् डोळ्याला पदर लावला. आता जमंल तसं बोलते. चुकलंमाकलं पोटात घाला.

मी सुमन. माहेर पिंपळवंडी. माझं पहिलं लग्न बेल्ह्यात झालेलं. नवरा बैलांचा व्यापारी. वाईट माणूस न्हवता, उगं कशाला खोटं बोलू? पण आमचं पटलं न्हाई. बाजारात दिवसभर बोलून घसा बसायचा त्याचा, अन् घरी आला की मुका. सासू बोलायची ती दोघांच्या वाटचं. मी माहेरी येऊन बसले. वर्ष गेलं, दुसरं गेलं, न्यायला कुणी आलं न्हाई.

शेवटी दोन्हीकडची जाणती माणसं बसली. बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशीच बसली, कारण त्या दिवशी सगळे आयते गावात असतात. स्टॅम्प पेपर आणला. आजपासनं दोघांचा संबंध संपला, दोघं लग्नाला मोकळे, असं लिहिलं. मी सही केली, त्यानं केली, पंचांनी केली. चहा झाला, पान झालं, सोडचिठ्ठी झाली.

आता आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांना वाटलं, एवढा मोलाचा कागद, पावसाळ्यात भिजला तर? ते नारायणगावला गेले अन् त्याला लॅमिनेशन करून आणलं. हसू नका! इथल्या कितीजणांच्या ट्रंकेत असलं लॅमिनेशन हाये, ते मला चांगलं ठावं हाये.

मग मला स्थळ आलं. मंचरकडचं. दत्तात्रय नाव. पहिली बायको आजारानं वारलेली. बघायला आले तेव्हा सगळ्यांच्या देखत मला विचारलं, “तुमच्या मनात हाये का?” मंडळी, तोवर मला हे कुणी विचारलंच न्हवतं. बापानं न्हाई, पंचांनी न्हाई. मला ते आवडले. आता सांगायला कसली लाज? लई आवडले. ओझरला गणपतीच्या दारात लग्न लावायचं ठरलं. साड्या आल्या, पत्रिका आल्या.

अण्णांचं बांधाच्या भांडणाचं काम वकीलबाईंकडं व्हतं. पत्रिका द्यायला मला घेऊन गेले. बाईंनी पत्रिका वाचली, खूश झाल्या. म्हणाल्या, “अरे वा! पहिल्या लग्नाचा घटस्फोट कधी झाला? मला कळलंही नाही.” अण्णांनी ऐटीत पिशवीतनं लॅमिनेशन काढलं अन् टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. म्हणाल्या, “अण्णा, काम झकास केलंय. पाणी लागायचं नाही याला. पण तुमची लेक अजून त्याचीच बायको आहे.”

अण्णा भडकले. “म्हंजे पंच काय येडे हायेत व्हय? आमच्या आज्या-पणज्यापासनं हेच चालत आलंय!”

बाई शांत. “काही समाजांत पंचांपुढं काडी मोडायची जुनी रीत आहे. कायदा ती मानतो. पण ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. तुमच्या भावकीत याआधी कुणाची झालीय अशी सोडचिठ्ठी? नाव सांगा.”

अण्णा आठवत बसले. एक नाव आठवंना.

मी विचारलं, “बाई, मग हे लग्न केलं तर काय व्हतंय?”

“कायद्यात त्याला शून्य विवाह म्हणतात.”

“म्हंजे?”

“म्हणजे कांद्याचं रोप लावलंच नाही, आणि तू जन्मभर त्या वाफ्याला पाणी देत बसशील. लोक म्हणतील, काय छान संसार. पण उद्या दत्तात्रयाला काही झालं आणि भाऊबंद उभे राहिले, तर तू त्याची कोण? कायद्यानं कोणीच नाही. पोरांना कायदा बघेल, तुला नाही बघणार. शिवाय पहिला नवरा असताना दुसरं लग्न, हा गुन्हा आहे तो वेगळाच.”

मी टेबलावरची पत्रिका उचलून परत पिशवीत घातली. बाईंनी पाणी दिलं. अन् वर म्हणाल्या, “आता आलीच आहेस तर दुसरा शब्द पण ऐक. शून्यकरणीय. म्हणजे रोप लावलंय, पण फसवून भलत्याच जातीचं दिलं. ते उपटायचं का ठेवायचं, हे फसलेल्यानं ठरवायचं. तो उपटत नाही तोवर ते पीकच.”

बाई अशाच व्हत्या. माझं लग्न बुडालं व्हतं, अन् ह्या शिकवत बसल्या! पण त्या म्हणायच्या, अवघड शब्द मी मुद्दाम सांगते, उद्या कोर्टात तोच कानावर पडला तर बाई घाबरायला नको.

घरी नुसता कालवा. आख्खी भावकी बाईंच्या नावानं बोटं मोडत व्हती. आत्या म्हणाली, “ठरलेलं लग्न मोडलं सटवीनं.” अन् बाई काय करत व्हत्या? बाई बेल्ह्याच्या बाजारात, बैलांच्या दावणीत माझ्या नवऱ्याला हुडकत व्हत्या. त्याचं बी दुसरीकडं जमत आलेलं. बाईंनी त्याला सांगितलं, “तुझीही तीच गत होणार आहे बाबा. दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करा, याला परस्पर संमतीनं घटस्फोट म्हणतात. मग सहा महिने थांबा. मग परत दोघांनी येऊन तेच सांगा.”

तो म्हणाला, “एकदा सांगितलं ना! परत कशाला?”

बाई म्हणाल्या, “रागात बैल विकणारा पुढच्या बाजारी तोच बैल परत मागायला येतो का नाही? तू तर रोज बघतोस. कायदा तेवढीच सवड देतो.”

हे त्याला पटलं बरं का. आमी दोघांनी मिळून अर्ज केला.

राहिले दत्तात्रय. मी म्हणलं, बाई, तुमीच सांगा त्यांना. बाई म्हणाल्या, “मी का? लग्न तुझं आहे.” मग मीच एसटीडी बूथवर गेले. सगळं सांगितलं. म्हणलं, तुमी मोकळे, दुसरं स्थळ बघा. मला वाटलं, आता फोन ठेवतील. तर म्हणाले, “साड्या ऱ्हाऊ द्या कपाटात. सहा महिन्यांत काय कसर लागत न्हाई त्यांना.”

अहो, बूथवाला बघत व्हता अन् मी ढसाढसा रडत व्हते.

सहा महिने गेले. तारीख आली. आमच्या नावाचा पुकारा झाला अन् बेल्ह्याच्या नवऱ्याचा पत्ताच न्हाई! मला कळलेलं, सासू म्हणत व्हती, “तिचं जमलंय ना, मग लटकव तिला.” अन् एकानं जरी दुसऱ्यांदा हो म्हणलं न्हाई, तरी सगळं फिसकटतंय. बाईंनी जजसाहेबांना इनंती करून दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला. मी बाकड्यावर बसले, बाई शेजारी. माझा हात धरून ठेवलेला.

अन् मग तो आला, मंडळी. टेम्पोतनं उतरून पळतच. पायजमा गुडघ्यापर्यंत शेणानं भरलेला. म्हणाला, “आई सोडत न्हवती. पण बाजारात दिलेला शब्द मी फिरवत न्हाई.” साहेबांनी विचारलं, “स्वखुशीनं सांगताय?” तो हो म्हणाला. मी बी म्हणलं, “व्हय साहेब, माझ्या खुशीनं.”

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “सुखी ऱ्हा.” अन् मला रडूच फुटलं. मोकळी झाले ना, मग रडते कशाला? बाई म्हणाल्या, “रड. घटस्फोट म्हणजे काय कुस्ती जिंकलीस का तू? एक घर मोडलंय. रडू येणारच.” मग त्यांनीच मला चहा पाजला, भजी खायला लावली.

पुढं ओझरला लग्न लागलं. बाई पहिल्या रांगेत. आत्यानं त्यांची खणा-नारळानं ओटी भरली. व्हय, त्याच आत्यानं!

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारची पोर आली. हातात कोरा स्टॅम्प पेपर. म्हणाली, “काकू, पंच बसणारेत, पण सही करायच्या आधी विचारायला आले.” आधी विचारायला आले! मंडळी, हे बाईंनी केलं. आमच्या वेळी असं कुणी म्हणत न्हवतं. मी तिला बाईंच्याच ऑफिसात घेऊन गेले. तिथं आता त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोघी पोरी बसतात. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, अन् अवघड शब्दापासनंच सुरुवात केली. मला हसू बी आलं अन् भरून बी आलं. बाई गेल्या. पण काम थांबलं न्हाई, थांबणार न्हाई.

आता सगळ्यांनी उभं ऱ्हाऊ या. तिथं तिसऱ्या रांगेत आमचे मालक उभे ऱ्हातायत, शेजारी आमची दोन पोरं. लहान्या, टोपी काढ बाळा.

बाई, तुमची सुमन नांदतीय. कायद्यानं बी नांदतीय अन् मनानं बी नांदतीय. माझा नमस्कार घ्या.

दोन मिनिटं गप उभं ऱ्हाऊ या, मंडळी.