टेलिफोनची वायर

उन्नती : झालं का बघून, काका? ओके बोला, म्हणजे मी झाकण लावते.

विष्णुपंत : घाई कसली? चाळीस वर्षं फॅक्टरीत दुसऱ्यांची जोडणी तपासली, नीट पाहिल्याशिवाय कुणाला ओके म्हटलं नाही. तुला कसं म्हणेन? तो चष्मा दे इकडे.

उन्नती : घ्या. टाकी भरली की पंप आपोआप बंद, रिकामी झाली की चालू. सोसायटीवाले बोलले, सॅम्पल आवडलं तर पाच डबे घेऊ. डिप्लोमानंतरची माझी पहिली ऑर्डर आहे ही.

विष्णुपंत : सोल्डर छान बसलंय. चकाकतंय. हात स्थिर झाला तुझा.

उन्नती : शिकवलं कोणी?

विष्णुपंत : आणि ही निळी वायर तुटली.

उन्नती : तुम्ही ओढलीत ना.

विष्णुपंत : ओढली नाही. बोटाने चार वेळा इकडेतिकडे केली, तुटली. हिच्यात एकच तार आहे. सोल्डरच्या कडेशी ती कडक होते आणि हलत राहिली की तिथेच मोडते. पंपाशेजारी डबा कायम थरथरणार. अशा ठिकाणी बारीक तारांचा जुडगा असलेली वायर घ्यायची, चार तारा गेल्या तरी बाकीच्या धरून राहतात. आणि हे बघ. सोल्डरिंगची गन टेकली तशी वरचं प्लास्टिक आक्रसून मागे गेलंय. पाव इंच तांबं उघडं.

उन्नती : तिथे टेप लावेन.

विष्णुपंत : ही वायर जाते कुठे? थांब, मीच बघतो. ही तर फेजवर आहे.

उन्नती : पंपाची लाईन जाडच घेतलीय काका, तेवढं कळतं मला. ही फक्त आतल्या छोट्या सर्किटला सप्लाय देते. करंट नाहीच जवळजवळ.

विष्णुपंत : करंट नसेल. दोनशे तीस व्होल्ट आहेत की. ही वायर आणलीस कुठून?

उन्नती : सही में विचारताय?

विष्णुपंत : दुकानदाराचं नाव सांग. उल्हासनगरला आणलीस ना?

उन्नती : उल्हासनगरचा सेठ उलट बोलला होता, बेटा, मल्टीस्ट्रँड ले जा, टेफ्लॉनवाला ले जा, गरमी में पिघलेगा नहीं. मी बोलले, मेरे पास बहुत है. ही तुम्ही दिलेली आहे काका. दिवाळीत, ती टेलिफोनची केबल. तुम्ही बोललात ना, सोल, आत सोनं आहे, जन्मभर पुरेल.

विष्णुपंत : मी दिली.

उन्नती : अख्खं भेंडोळं. पन्नास जोड्या. रंग पण पाठ करून घेतलेत माझ्याकडून.

विष्णुपंत : ती ब्रेडबोर्डसाठी दिली होती. टेबलावर शिकायला, सेलवर चालणाऱ्या खेळांना.

उन्नती : असं नव्हतात बोलला तुम्ही.

विष्णुपंत : नाही. नव्हतो बोललो. उन्नती, हा डबा दुसरा ना? पहिला कुठे आहे?

उन्नती : पालेगावला. चंदरमामाकडे.

विष्णुपंत : चालू आहे?

उन्नती : महिना झाला. मस्त चालतोय.

विष्णुपंत : त्यातही हीच वायर?

उन्नती : हो.

विष्णुपंत : डबा प्लास्टिकचा?

उन्नती : लोखंडी. मामाकडे पडला होता. हिरवा रंग मारला मी.

विष्णुपंत : अर्थिंग?

उन्नती : मामाच्या मागच्या बोर्डाला दोनच पिना आहेत. अर्थची वायर मी डब्यातून बाहेर काढून ठेवली होती, मामा बोलला इलेक्ट्रिशियनला बोलावतो. मग राहिलंच. काका, असे बघू नका ना.

विष्णुपंत : पंप आहे कुठे?

उन्नती : मागे, मोरीत. आजी तिथेच कपडे धुते.

विष्णुपंत : आत्ता घरात कोण आहे?

उन्नती : आजीच. मामा बदलापूरला कंपनीत.

विष्णुपंत : आजीला फोन लाव. म्हणावं डब्याला हात लावू नको, मोरीत जाऊ नको. मेन स्विच पाड म्हणावं. नाही, नको, तिला काहीच करायला सांगू नको. नुसती पुढच्या ओट्यावर येऊन बस म्हणावं.

उन्नती : पण आज शुक्रवार आहे. पालेगावला लाईट नाही, दोनपर्यंत येत नाही.

विष्णुपंत : मग आपल्यापाशी पाऊण तास आहे. लाव फोन.

उन्नती : स्विच ऑफ. लाईट नसली की तिचा फोन चार्ज नसतो.

विष्णुपंत : मामाला लाव.

उन्नती : मामाचा फोन गेटवर जमा करतात, पाचला मिळतो. शेजारी बनूबाई आहे, तिचा नंबर नाही कोणाकडे. आजी तिला भिंतीवरून हाक मारते, नंबर लागतो कशाला?

विष्णुपंत : चल. रिक्षा करू. टेस्टर घे, ती पक्कड घे. माझी चप्पल कुठेय?

उन्नती : तुमचा गुडघा, काका. मी जाते एकटी.

विष्णुपंत : तू एकटी गेलीस तर घाबरून उघड्या हाताने डबा उचकटशील. चल.

(रिक्षात, पुलाच्या चढावर. पुढे गाड्यांची रांग आहे.)

विष्णुपंत : भाऊ, डावीकडून काही वाट आहे का? बरं. असू दे. जमेल तसं घ्या.

उन्नती : दीड झाला. काका, खरं सांगा. काय होऊ शकतं?

विष्णुपंत : काही होणारही नाही कदाचित.

उन्नती : मी लहान नाहीये.

विष्णुपंत : ती तार आत हलून तिचं उघडं तांबं झाकणाला टेकलं, तर अख्खा डबा फेज होतो. दिसायला काही फरक नाही. पंप चालतच राहील. म्हातारं माणूस, अनवाणी, ओल्या फरशीवर. मला पुढचं बोलायला लावू नकोस.

उन्नती : ती त्या डब्याला थापा मारते.

विष्णुपंत : कशाला?

उन्नती : रिले अडकतो मधेमधे. पंप चालू नाही झाला तर दोन थापा मार, असं मीच सांगितलंय तिला. लाईट आली की ती पहिली तिथेच जाते. कपडे भिजवून ठेवते आणि लाईटची वाट बघते.

विष्णुपंत : बरं.

उन्नती : बरं काय? अजून एक आहे. सांगू का नको असं झालंय मला.

विष्णुपंत : सांग.

उन्नती : पंधरा दिवसांपूर्वी आजीचा फोन आला होता. बोलली, हाताला मुंग्या येतात. मी विचारलं कधी, तर बोलली, कपडे धुताना. मी बोलले, वय झालं आजी, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. गोळ्या पाठवल्या मी तिला. मेडिकलमधून, मामाच्या हाती. आणि खूश झाले की मी आजीची किती काळजी घेते.

विष्णुपंत : पंधरा दिवस.

उन्नती : काहीतरी बोला काका. शिव्या द्या.

विष्णुपंत : तुझ्या रंगामुळे नुसत्या मुंग्या आल्या असतील. रंगाचा थर मध्ये आहे तोवर थोडं वाचतं माणूस. पण थापा मारून मारून तो निघालाच असेल. तुला कसल्या शिव्या देऊ? फॅक्टरीत माझ्या हाताखालून अशी वायर गेली असती तर मी माणसाला आठ दिवस घरी बसवलं असतं. आणि तुला भेंडोळं देताना रंगांची कविता म्हणत बसलो. रिटायर झाल्यापासून कोणी काही विचारायला येत नाही. तू येतेस, वही काढतेस. मला बोलायला गोड वाटत होतं. ही वायर कशाला वापरायची नाही, हे एक वाक्य राहिलं.

उन्नती : काका, ते बघा.

विष्णुपंत : काय?

उन्नती : त्या दुकानातला पंखा. फिरतोय. पुढच्या सलूनमध्ये ट्यूब लागलीय.

विष्णुपंत : इन्व्हर्टर असेल त्यांचा.

उन्नती : पिठाची गिरणी पण चालू आहे काका. गिरणी इन्व्हर्टरवर चालते? लाईट आली. पावणेदोनलाच आली.

विष्णुपंत : भाऊ, जरा जोरात घ्या. हॉर्न वाजवा, काय करायचं ते करा. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

उन्नती : इथून डावीकडे. त्या नव्या बिल्डिंगच्या मागून. तो ओटा दिसतोय ना, तिथे. थांबवा, थांबवा. पंपाचा आवाज येतोय. काका, पंप चालू आहे.

विष्णुपंत : पळ. मेन पाड आधी. आजी पडलेली दिसली तरी हात लावायचा नाही, आधी मेन. ऐकलंस? आधी मेन.

उन्नती : आजी. आजी, ओ दे. आजी गं.

पुतळाबाई : काय जालं गो? बोंबलतेस कशाला? आन् लाईट का घालवलीस? आताच आलीवती.

उन्नती : तू उभी आहेस.

पुतळाबाई : मग काय करू? कपडे कोन धुनार? ए पोरी, अशी काय धरतेस, भिजशील ना. ह्ये कोन?

उन्नती : विष्णुकाका. मी शिकते ना त्यांच्याकडे. काका, ही ठीक आहे. ठीक आहे ही.

विष्णुपंत : नमस्कार आजी. बसतो जरा, गुडघा बोलायला लागलाय. तुम्ही आत्ता डब्याला हात लावलात?

पुतळाबाई : नाय.

विष्णुपंत : नेहमी थापा मारता ना?

पुतळाबाई : मारतं ना. धोपाटण्यानं.

उन्नती : धोपाटण्याने?

पुतळाबाई : चावतो ना तो. हात लावला का खांद्यापावत कळ जाते. दोन खेपा जालं, मंग हात लावनं सोडलं. लाकडानं मारलं का नाय चावत.

विष्णुपंत : उन्नती, मेन चढव आणि लांब हो. आजी, तुम्ही कोरड्यात या, इकडे माझ्याकडे. मला टेस्टर टेकवू दे. दिसला दिवा?

उन्नती : दिसला.

विष्णुपंत : भगभगीत पेटलाय. मुंग्यांचं काम नाही राहिलेलं आता. अख्खा डबा फेज आहे. पाड मेन. रंग तर हाताएवढा उडालाय इथे.

उन्नती : आजी, चावतो म्हणून बोलली का नाहीस तू मला?

पुतळाबाई : बोललं ना. मुंग्या येतान बोललं.

उन्नती : डब्यामुळे येतात असं कुठे बोललीस?

पुतळाबाई : तू गोल्या पाठवल्यास. एवढ्या मायेनं पाठवल्यास, खाल्ल्या.

उन्नती : मामाला तरी सांगायचंस.

पुतळाबाई : चंदरला सांगून काय? तो उपटून फेकनार व्हता. परत तुज्या आईला बोलनार, पोरीला कशाला इलेक्ट्रिकचा कोर्स, लगीन करून द्या. मना ठाव हाय त्याचा सोभाव. आमच्या घरात पयली पोर तू, हातानं मशीन केलीस. सगल्या आलीत घरोघर सांगत फिरलं मी, माज्या नातीनं केलंय. आन् आता चावतं बोलू?

विष्णुपंत : आजी, जीव गेला असता तुमचा.

पुतळाबाई : गेला असता तर कोनाला कललं असतं का पोरीच्या डब्यानं गेला? म्हातारी व्हती, गेली बोलले असते.

उन्नती : बस कर आजी. प्लीज.

विष्णुपंत : वायर कापतो मी. उन्नती, ती पक्कड दे. आणि रडून घे, पण उभी राहून. उद्या आपण उल्हासनगरला जाऊ, त्या सेठकडून तो सांगतो ती वायर आणू. प्लास्टिकचा डबा आणू. तीन पिनांचा बोर्ड मी स्वतः बसवून घेईन. मग नव्याने बसवू.

उन्नती : मी नाही येणार.

विष्णुपंत : परवा जाऊ.

उन्नती : परवाही नाही. सोसायटीला मी नाही सांगून टाकते. मला नाही करायचं हे काका. मी परत गन नाही धरणार.

पुतळाबाई : काय बोलतेय ही?

विष्णुपंत : घाबरलीय. बोलू द्या तिला.

पुतळाबाई : परत नाय करनार बोलतेय?

उन्नती : नाही करणार आजी. कधीच नाही.

पुतळाबाई : मंग मी गप कशाला ऱ्हायलं गो, एवढे दिस?