दहा ढीग

मारेवे : चोर म्हटलं नाही मी तुम्हाला, आतोबा.

बेतेरो : म्हटलं नाहीस, पण काय राहिलं? माझ्या चटईवर बसून भात-मासा खाल्लास, आणि हात धुवायच्या आत विचारतेस, हे विहिरीचे आकडे घरी बसून लिहिलेत का.

मारेवे : विचारावंच लागलं. आत्ता सगळे गावसभेला मानेआबात जमतील. दुपारच्या भरतीला बोट सुटणार, पुढची सहा आठवड्यांनी. पाण्याच्या टाक्या मागवायच्या की नाही, ते मला ह्याच बोटीनं राजधानीत, तारावाला लिहून न्यायचंय.

बेतेरो : मग लिही की. सकाळी तू स्वतःच्या हातानं खारेपणाचा मीटर सोडलास विहिरीत. किती आला?

मारेवे : बावीसशे नव्वद.

बेतेरो : आणि काल मी वहीत काय लिहिलंय?

मारेवे : बावीसशे शहाऐंशी.

बेतेरो : झालं तर मग.

मारेवे : नाही झालं. पाणी मचूळ झालंय हे जिभेलाही कळतं. पंचवीसशेच्या वर गेलं की पोरांना पाजायचं नाही, हे सगळ्या बेटाला पाठ आहे. प्रश्न एवढाच आहे की ते चढतंय का उतरतंय. इओबी आजोबा म्हणतात, उतरतंय. सप्टेंबरच्या शेवटी समुद्र आत आला, विहिरीत खारं शिरलं, पाऊस पडला की धुऊन जाईल.

बेतेरो : इओबीच्या आज्यानं खणलेली विहीर. तो तिला नावं ठेवील होय? मेल्यावर देव विचारेल, तिथेही सांगेल, पाणी गोड आहे, घोटभर घ्या.

मारेवे : हसू नका. वही आधी एरिता आत्याकडे होती, आणि तिचे आकडे त्यांच्याच बाजूनं आहेत. सप्टेंबरपर्यंत चौदाशे चाळीसच्या आसपास, जागचे हलत नाहीत. तुम्ही वही हातात घेतली त्या दिवशी एकदम सतराशे चौऱ्याण्णव. लाट आली की अशीच उडी बसते आणि मग पाणी ओसरत जातं. तुमचे आकडे मात्र साडेपाच महिने नुसते चढताहेत.

बेतेरो : कारण पाणी चढतंय.

मारेवे : किंवा तुम्ही रोज गेलाच नाहीत.

बेतेरो : कोण म्हणतं?

मारेवे : गाव म्हणतं, आत्या गेल्यावर तुम्ही तीन आठवडे घराबाहेर पडला नाहीत.

बेतेरो : माणसांत गेलो नाही. विहिरीवर जात होतो, अंधार असताना. लोकांनी तोंड बघून हळहळू नये म्हणून. आणखी कोण म्हणतं?

मारेवे : आकडे म्हणतात. गेल्या वर्षाची सगळी यादी मी तारावाला तपासली. तिच्यात घरी बसून लिहिलेले आकडे आहेत. पाच-दहा नाहीत, शंभराच्या वर.

बेतेरो : तारावाला बसून इथला माणूस घरी होता की विहिरीवर, ते दिसतं तुला? देवऋषी झालीस का?

मारेवे : आतोबा, मीटर चार आकडे दाखवतो. पहिले तीन पाण्याचे. शेवटचा कुणाच्याच कामाचा नाही. आज तीन, उद्या आठ, परवा पुन्हा आठ. खरंच मोजलं तर शून्यापासून नऊपर्यंत सगळे जवळपास सारखेच येतात. पण माणूस मनानं लिहायला लागला की त्याला काही आकडे खरे वाटतात आणि काही खोटे, आणि खरे वाटणारेच तो पुन्हा पुन्हा लिहितो.

बेतेरो : हे विहिरीसाठी शोधलं कुणी?

मारेवे : विहिरीसाठी नाही. मी आधी इस्पितळाच्या वह्या तपासायचे. रक्तदाब न मोजताच लिहिणाऱ्या नर्सा ह्यानं सापडल्या. मग मासेमारीच्या बोटींच्या वह्यांना लावलं. मग पावसाच्या.

बेतेरो : रक्ताला तेच, माशाला तेच आणि माझ्या विहिरीलाही तेच. एक तेल घ्यायचं आणि कानात, गुडघ्यात, सगळीकडे चोळायचं.

मारेवे : मासा वेगळा, रक्त वेगळं, पाणी वेगळं. लिहिणारा माणूसच ना सगळीकडे?

बेतेरो : वही घे.

मारेवे : आतोबा, वेळ नाही...

बेतेरो : वही घे म्हणतो ना! माझ्या पहिल्या पानापासून शेवटचा आकडा वाचत जा. मी अंगणातले खडे टाकतो. दहा आकड्यांचे दहा ढीग. तुझं यंत्र तारावाला असेल, माझे खडे इथं आहेत. वाच.

मारेवे : एकोणतीस सप्टेंबर. चार. शून्य. नऊ. नऊ. एक. पाच. पाच. दोन...

बेतेरो : सावकाश. म्हातारे हात आहेत.

मारेवे : ...शून्य. आठ. आणि कालचा सहा. संपले. एकशे अडुसष्ट.

बेतेरो : मोज ढीग.

मारेवे : सगळ्यात मोठा एकवीस. सगळ्यात लहान तेरा. बाकीचे मधले.

बेतेरो : म्हणजे?

मारेवे : म्हणजे तुम्ही रोज गेलात. एकही दिवस चुकवला नाहीत. आतोबा, माझं चुकलं.

बेतेरो : तिनंच पाठवलं मला. मी ऑस्ट्रेलियातल्या आंब्याच्या बागेतून परत आलो तेव्हा ती आडवी होती, उठून बसायचीही नाही. दुसऱ्या दिवशी वही माझ्या हातात दिली. म्हणाली, मीटर तीनदा धुवायचा, आकडा थांबेपर्यंत थांबायचं, मनानं काही लिहायचं नाही. अकरा दिवस रोज येऊन तिला आकडा सांगितला. बारावा दिवस तिला मिळाला नाही. तरी मी गेलोच.

मारेवे : तुम्हाला बोलायला नको होतं मी.

बेतेरो : यादी मधोमध तोडून का नाही मोजलीस? तिचे वेगळे, माझे वेगळे?

मारेवे : तिचे मोजायची गरजच वाटली नाही. मीटर धरायला मला तिनंच शिकवलं. मी नऊ वर्षांची होते. तिच्यावर शंका घ्यायची म्हणजे...

बेतेरो : बघ. आंब्याच्या बागेत मजुरी करणारा तो लबाड, आणि तुझ्या बापाची बहीण ती खरी. बरं, आता तिचे वाच.

मारेवे : कशाला? उशीर होतोय.

बेतेरो : खरं मोजमाप कसं दिसतं ते तुलाही कळू दे. एप्रिलपासून वाच. मी ऑस्ट्रेलियाला गेल्यावरचे.

मारेवे : एप्रिल. सहा. एक. एक. आठ. शून्य. तीन...

बेतेरो : बघ, कसे सारखे पडताहेत.

मारेवे : ...मे संपला. एकतीस तारीख, चौदाशे चाळीस. शून्य. आता जून. सात. तीन. सात. आठ. तीन. सात. सहा. तीन. सात...

बेतेरो : थांबू नकोस.

मारेवे : तीन. सात. चार. सात. तीन... आतोबा, नको.

बेतेरो : वाच म्हणतो ना. जुलै.

मारेवे : तीन. सात. आठ. तीन. सात.

(बेतेरोच्या हातातला खडा हातातच राहतो.)

बेतेरो : तिनाचा आणि साताचा ढीग एक झालाय, पोरी. कुठला कुठे संपतो कळत नाही.

मारेवे : पुढं सप्टेंबरपर्यंत असंच आहे. एकशे वीस दिवस. शून्य एकदाही नाही. एकच आकडा लागोपाठ दोनदा कधीच नाही.

बेतेरो : योगायोग.

मारेवे : एकशे वीस दिवस?

बेतेरो : तिचा मीटर बिघडला असेल.

मारेवे : तुम्ही तोच मीटर वापरलात.

बेतेरो : मग तुझी ती नर्सांची युक्ती चुकीची आहे! वीस वर्षं ती रोज त्या विहिरीवर गेली. वादळात गेली. आईला मूठमाती दिली त्या दिवशी गेली. आणि तू दगड मोजून मला सांगतेस...

मारेवे : मी काही सांगत नाहीये. एक जूनपासून ती विहिरीपर्यंत पोचू शकत नव्हती. एवढंच आहे ह्यात.

बेतेरो : मला सांगितलं असतं तर मी आलो असतो.

मारेवे : म्हणूनच नसेल सांगितलं. तिनं वही थांबवली असती तर तारावाहून माणूस आला असता. माणूस आला असता तर तुम्हाला कळलं असतं, आणि तुम्ही काम अर्धवट टाकून आला असता.

बेतेरो : पहिल्या दिवशी विहिरीवरून आलो ना, तेव्हा आकडा सांगितला तिला. सतराशे चौऱ्याण्णव. तर तिनं कूस बदलली, माझ्याकडे पाठ करून पडून राहिली. मला वाटलं, दुखतंय.

मारेवे : आतोबा...

बेतेरो : दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काही चुकलं का माझं? म्हणाली, नाही. तू बरोबर मोजतोस.

मारेवे : आता नीट ऐका. तिचे ते चार महिने काढले तर ती उडी उरत नाही. मेचा तिचा शेवटचा खरा आकडा, तुमचा पहिला आणि आजचा, तिन्ही एका सरळ रेषेत बसतात. रोज तिनानं चढतंय. लाटेचा काही संबंध नाही. ह्या चालीनं दहा आठवड्यांत पंचवीसशे पार.

बेतेरो : आणि टाक्या?

मारेवे : आज मागवल्या तर सहा आठवड्यांनी येतील. पुढच्या बोटीनं मागवल्या तर बारा.

बेतेरो : मला एक सांग. मानेआबात असं सांगता नाही का येणार, की खोटे होते ते माझे?

मारेवे : काय?

बेतेरो : बेतेरोचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यानं घरी बसून लिहिलं. कुणालाही पटेल, तुलाही पटलंच होतं. तिचं नाव राहू दे. तिच्या थडग्यावरनं बायका जातात ना, तर वाकून जातात.

मारेवे : तुमचे खोटे ठरले तर इओबी आजोबा खरे ठरतात. पाणी उतरतंय. टाक्या नकोत. मग जूनमध्ये तुम्ही काय कराल? दारोदार जाऊन सांगाल, पाजू नका?

बेतेरो : तुझ्या यंत्रात काहीतरी दुसरी वाट असेल.

मारेवे : नाही आतोबा. असती तर मीच घेतली असती. माझी आत्या होती ती.

इओबी : ए बेतेरो! आहेस का आत? सगळं गाव मांडी घालून बसलंय, आणि तारावाच्या बाईसाहेब तुझ्या अंगणात सागरगोटे खेळताहेत!

मारेवे : येतोच, आजोबा.

इओबी : लवकर चला. रात्रभर माझ्या नातवानं झोपू दिलं नाही, पोट धरून रडत होता. मला दोन शब्द बोलायचे आणि पडायचंय. काय ठरलं? माझी विहीर बरी आहे ना?

बेतेरो : नातू कुठलं पाणी पितो, इओबी?

इओबी : कुठलं म्हणजे? आपल्याच विहिरीचं. त्याचा पणजोबासुद्धा तेच प्यायला.

मारेवे : आजोबा, वहीतले काही आकडे खरे नाहीत. त्याबद्दल मी मानेआबात...

इओबी : माहीत आहे. ह्याचेच ना? मी सांगत होतोच. दुःखात माणसाला काही सुचत नाही. तुला कुणी बोल लावणार नाही, बेतेरो, मी बघतो.

बेतेरो : माझे नाहीत.

इओबी : मग?

बेतेरो : एरिताचे आहेत. जूनपासूनचे. तिला विहिरीवर जाता येत नव्हतं, चालता येत नव्हतं. घरी पडून लिहिले तिनं. पाणी लाटेनं नाही चढलं, इओबी, ते कधीपासून चढतच होतं. टाक्या मागवाव्या लागतील. मानेआबात मीच सांगतो. पोरीला सांगायला लावू नका.

इओबी : एरितानं? अरे, गावात कुणाला कळलं नाही! तुला कधी कळलं?

बेतेरो : आत्ता, ह्या खड्यांवरून.

मारेवे : आतोबा, वही माझ्याकडे द्या. ती पानं मीच खोडते.

बेतेरो : खोडू नकोस. कडेला लिही, आजारी होती.

मारेवे : बरं.

बेतेरो : दर रविवारी मी तिकडून फोन करायचो. तब्येत विचारली की ती चिडायची, म्हणून मी विहिरीचं विचारायचो, आज किती आला? म्हणायची, चौदाशे सदतीस. मला वाटायचं, आहे बुवा, रोज चालतेय.