बिनमिठाचा माणूस

नाही, पण मी म्हणते, जी गोष्ट भीतीने पाच वर्षांपूर्वी अर्धी टाकली, तिचा एकदम चौथा भाग कशाला उघडायचा माणसाने? मधले दोन वाचलेले नाहीत, पहिल्याचा शेवट ठाऊक नाही... आणि बसले मी! आमची राही पनवेलला कॉलेजात असते, ती सुट्टीला आली आणि पुस्तक विसरून गेली. उचलून ठेवायला म्हणून हातात घेतलं, ते हातातच राहिलं. तेही भर दुपारी, अंगणात, उन्हात बसून. तुम्हाला सांगते, मी भित्री नाही. पण असलं काही मी छपराखाली वाचत नाही.

'ओहोटीचे पाहुणे' नाव त्याचं. त्यात काय, तर एक खाडी. मोठ्या ओहोटीला पाणी मागे जातं आणि चिखलाखाली उजेड दिसतो, हिरवट, श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होणारा. माणूस बघायला जातो. काही दिवसांनी परत येतो. तोच चेहरा, तोच खोकला, गोठ्यातल्या गाईला नावाने हाक मारतो... फक्त मीठ खात नाही! बायको ताटात लोणचं वाढते आणि तो एका बोटाने, हळूच, ते ताटाबाहेर सारतो. बस. तिथेच पाच वर्षांपूर्वी मी पुस्तक मिटलं होतं आणि डाळीच्या डब्यामागे ठेवलं होतं. आमचं गाव पेणच्या खाडीवर. पाठच्या दारातून रोज ओहोटी दिसते. सासऱ्यांचा जन्म मिठागरात गेला. अशा घरात ही गोष्ट वाचायची म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

चौथ्या भागात तर निम्मं गाव तसलं झालेलं! मला मागचा काही संदर्भ लागेना. राहीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू डायरेक्ट चारवर गेलीस? अगं, दुसऱ्या भागात ते शिकतात ना. प्रेमळ व्हायला शिकतात, म्हणजे घरच्यांना संशय येत नाही." तिसऱ्यात काय होतं ते सांगेना, म्हणे तूच वाच.

आणि त्याच दिवशी आमचे हे दिघीहून आले. यांचा ट्रक, दिघी बंदरावरून माल उचलायचा, आठ-आठ दिवस बाहेर. आल्यावर एरवी कसे? चपला एक इकडे, एक तिकडे, आणि दारातूनच, "जेवायला काय हाय?" त्या दिवशी चपला जोडीने ठेवल्या. पाणी आपल्या हाताने घेतलं. मला म्हणाले, "बस जरा, दमली असशील." दमली असशील? तेवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तुम्हाला सांगते, मी भित्री नाही. पण माझ्या हातातली पळी खाली पडली.

जेवायला सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. यांचा जीव की प्राण. यांनी भात कालवला, एक घास खाल्ला, थांबले. आणि लोणच्याची फोड... कशी सांगू... एका बोटाने, हळूच, ताटाबाहेर सारली.

माझ्या पाठीतून खाडीचं पाणी गेलं.

दोन दिवस मी त्यांना पाठ दाखवली नाही. भांडी घासायचे तर तोंड घराकडे करून. आमच्या सासूबाई, ठमाबाई, त्यांच्या पदराला धरून मी हिंडते, तर त्या म्हणाल्या, "काय गो, लहान पोर हायस काय?" त्यांना कसं सांगायचं, की तुमचा मुलगा तुमचा आहे का ते मला ठाऊक नाही? हे मात्र भाजी निवडतायत, अंगण झाडतायत, पापड नको म्हणतायत. आणि माझ्याकडे बघत बसतात. फार मायेने बघतात हो... तीच तर भीती!

शेवटी ठरवलं, यांची दृष्ट काढायची. मीठ-मोहरी ओवाळायला कोण नाही म्हणेल? आपला माणूस असेल तर बसेल गप. नसेल तर... पुढचा विचार केला नाही. मूठभर जाडं मीठ घेतलं, यांना पाटावर बसवलं, आणि मूठ यांच्या तोंडासमोर नेली.

हे दचकून मागे सरले. रंग उतरला. आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

मी मीठ टाकून पळणार होते. पण मूठ तशीच धरली. कशीबशी बोलले, "तुम्ही... कोण आहात?"

"मी कोन म्हंजे?" म्हणाले, आणि शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. दिघीला ड्रायव्हर लोकांची तपासणी झाली होती. यांचं प्रेशर असं वर गेलेलं की डॉक्टरने ट्रकवर चढूच दिलं नाही, अर्धा दिवस झोपवून ठेवलं. मीठ बंद. "तू पुस्तकाला घाबरतेस," म्हणाले, "तुला हे कसं सांगू? कुठं अर्ध्यात गेलो तर, म्हणून जरा नीट वागत होतो."

तुम्हाला सांगते, मी भित्री नाही. पण चिखलातला उजेड परवडला. पुस्तक मिटता येतं, डब्यामागे ठेवता येतं... हा माणूस कुठे ठेवू?

तेव्हापासून घरात एकच कालवण, बिनमिठाचं. हे एकटे कसे खातील? मीही तेच खाते. सासूबाईंना मात्र मी सांगितलेलं नाही, त्या घाबरतील म्हणून. त्यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, मीठ मागितलं नाही, आणि ताट घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. तोंड घराकडे करून.

राहीला म्हटलं, आता तरी सांग, तिसऱ्या भागात काय होतं? तर म्हणाली, "काही नाही गं, ती बायकोपण मीठ सोडते."

म्हणजे तोही भाग वाचायला नको. दोन्ही वेळेला तोच शिजतोय.