चावी कुठून आली

— अख्खं कुलूपच बदलाचं? काऊन? चांगलं हाय ना हे, आनखी वीस वर्षं हालत नाई. चावी हरवली काय? — नाई? मंग? — बसा, भाऊ, बसा त्या स्टुलावर, चहा सांगतो. हिंगणघाटच्या या स्टँडासमोर तीस वर्षं झाली मले, प्रेमदास चावीवाला म्हनून कोनालेही इचारा. पन चावी हा शब्दच आपला नाई, हे माहीत हाय का तुमाले? मलेही नव्हतं. पोरीनं सांगतलं. मायी पौर्णिमा — वर्ध्याले स्पॅनिश शिके. म्हने, बाबा, चावी पोर्तुगीज लोकायनं जहाजातून आनली. स्पेनमंधी तिलेच म्हनतात यावे, इटलीत क्यावे, फ्रान्सात क्ले — साऱ्या सख्ख्या बहिनी, अन् माय एकच, लॅटिनमधली क्लाविस. कानस मारता मारता पाठ झालं मले. अन् कुलूप? ते अरबस्तानातलं! म्हटलं, मंग आपलं काय राह्यलं वं याच्यात? तं हासली. म्हने, दार.

मंग एक दिवस तेच बोलनं तिनं फिरवून आनलं. चावी तिकडची, कुलूप भलतीकडचं, तरी बसते ना बाबा एकमेकांत? मंग अनुपमंधी काय वाईट हाय? — तो हिंगणीचा पोट्टा. आपल्यातला नाई. मी ऐकूनच घेतलं नाई, लोक काय म्हनतीन! भांडून वर्ध्याले गेली, अन् त्याच दिवशी मी घरचं कुलूप बदललं. आपलंच काम, अर्धा घंटा नाई लागला. तिच्याजवळ जुनी चावी होती ना — मीच घासून देल्ली होती, पितळेची. म्हटलं येईन, दुकानात मायापुढं उभी राहीन, रडीन, मंग पाहू.

नाई आली दुकानात. घरी आलती, भर दुपारी. तिची माय तं कवाचीच गेली, घरात कोनी नाई. शेजारच्या मंदाबाईनं पाह्यलं — चावी घातली, फिरवली, काढली, ओढनीनं पुसली, परत घातली. तीन खेप. मंग दाराखालच्या फटीतून चावी आत सरकवली अन् चालली गेली. चार वर्षं झाली. फोन लागत नाई. जुनं कुलूप मी त्याच सांजेले परत लावलं, दर महिन्याले तेल घालतो. पन काय कामाचं? तिची चावी तं मायाजवळ हाय. त्या खिळ्यावर, पाहा.

चहा घ्या, थंडा होऊन राह्यला. — तुमच्या घरची दुसरी चावी कोनाजवळ हाय, भाऊ? पोराजवळ? — पोरीजवळ.

हं. घड्याळ पाहून राह्यले तुमी. मीही नोतं ऐकलं कोनाचं. जा, समोर गोपालकडे जा, तो आत्ता लावून देईन. मायाकडे कुलूप नाई. — हे टांगलेले? हे विकाचे नाई. उठा.